स्वभाव जुळत नाहीत

निकेशने तिसऱ्यांदाही घटस्फोटाचा कागद सही न करता परत पाठवला, तेव्हा वर्षालीने कोणालाच न विचारता तो पिशवीत घालून त्याच्या गावची, अल्लीपूरची बस धरली.

लॅबच्या नोकरीसाठी ती वर्ध्याला खोली करून राहू लागली, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. संमतीने वेगळं व्हायचं, हे दोघांचं फोनवर ठरलेलं. तिने काही मागितलं नव्हतं, त्यानेही नाही. तरी अर्ज गेला की सहीची जागा कोरीच परत येई.

"मुद्दाम अडवून राह्यला तो," भाऊ म्हणाला. "काहीतरी हवं असेल, विचारून बघा," वकीलबाई म्हणाल्या.

वर्षालीला खरं तर राग यायला हवा होता. पण तिला नवल वाटत होतं. चार वर्षं ज्याच्या घरात काढली, त्याला काय हवं असेल याचा तिला अंदाजच येत नव्हता.

निकेश वांग्याच्या वावरात क्रेट भरत होता. सोबत त्याची आई, देवकाबाई. सुनेला वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पाहून ती उठली आणि घराकडे निघून गेली.

"तुमाले पायजे तरी काय?" वर्षालीने विचारलं.

"मले? काई नाई."

"मंग सही काऊन करत नाई?"

निकेशने हात पॅंटला पुसले. "त्याच्यात लिवलं आहे, स्वभाव जुळत नाहीत. खोटं आहे ते. आपलं कधी भांडण झालं, सांग बरं एक?"

"सगळ्यांच्याच कागदात तेच लिहितात."

"लिहू दे. तू काऊन गेली, हे मले अजून कोणीच सांगितलं नाई. वांगे तोडता तोडता मी तेच शोधत राह्यतो, माहं काय चुकलं. तू खरं सांग. इथंच करतो सही."

भावाला तिने नोकरीचं कारण सांगितलं होतं, वकीलबाईंना स्वभावाचं. खरं कारण अजून कोणी विचारलंच नव्हतं. ती धुऱ्यावर बसली.

"तुमचं काईच चुकलं नाई," ती म्हणाली. "तुम्ही कधी आवाजसुद्धा चढवला नाई. पण तुमच्याशी बोलाच्या आधी मी प्रत्येक वाक्य मनात दोनदा म्हणून पाहत होती. चहा ठेवू का, एवढं विचाराचं असलं तरी. काऊन, ते मलेच माहीत नाई. वर्ध्याले गेली, घरमालकिणीशी बोलत बसली, अन् मधातच ध्यानात आलं, आपण धडाधड बोलून राह्यलो. मंग परत येववलंच नाई."

निकेशने हातातलं वांगं क्रेटमध्ये ठेवलं.

"रागावले?"

"नाई. मी बी."

"मी बी काय?"

"मी बी तसाच बोलत होतो तुह्याशी. तू शिकलेली, वाटे, हसशीन. वावरातून घरी जायेपर्यंत अख्खी तयारी करत होतो. अन् दारात आलो की म्हणत होतो, जेवाले वाढ."

वर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आवरेना.

"पाह्य," निकेशही हसत म्हणाला, "स्वभाव तर जुळतेच!"

कोणती वाक्यं तयार करायचास, हे तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्याने एक सांगितलं, मग दुसरं. मग तिनेही आपली सांगितली. दोन वाजताची बस गेली, साडेतीनचीही गेली.

सून अजून गेली कशी नाही, हे बघायला देवकाबाई वावरात आली. दोघं एकाच धुऱ्यावर बसून हसताना दिसली. तिने लांबूनच देवाला हात जोडले आणि लगबगीने घरी जाऊन चहा टाकला.

चहा घेऊन ती पोचली, तेव्हा क्रेटवर कागद ठेवून निकेशने सही केलेली होती, आणि दोघं अजून बोलतच होते.