माझ्याकडनं आलंय

“माझ्याकडनं आलंय, अव्वा. हिला कोण काय बोलायचं न्हाय.”

गडहिंग्लजच्या घरी, सोप्यात उभं राहून ईरप्पानं आईला सांगितलं, तेव्हा शिवलीलाला चौथा महिना होता. गरोदरपणाच्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला होता. सासू आधी तिच्यावरच घसरली होती. “ही कुठनं घिऊन आली, इचार की!” लेकाच्या त्या एका वाक्यानं म्हातारी मटकन खाली बसली.

शिवलीलाला नवल वाटलं नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात रिपोर्ट देताना समुपदेशक इरावती मॅडमनी विचारलं होतं, कधी रक्त चढवलंय का. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा माहेरी दोन बाटल्या चढवल्या होत्या. ते सांगून ती म्हणाली होती, “पर ते कशाला इचारताय? माझा माणूस ट्रकवर हाय. पंधरा-पंधरा दिवस भाईर.”

आठवड्याभरात दोघं कोल्हापुरात आली. शाहूपुरीत एक खोली घेतली. ईरप्पानं ट्रक सोडला आणि एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायला लागला. शिवलीलानं गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. रुद्राणी जन्मली ती निरोगी. तिच्या तपासण्या संपल्या त्या दिवशी ईरप्पा पेढे घेऊन आला. शिवलीलानं त्यातला एकही तोंडात घातला नाही.

नवऱ्याचं अंथरूण तिनं दारापाशी टाकलं होतं, ते तिथंच राहिलं. ताट वाढायची, समोर बसायची नाही.

एकदाच तिनं विचारलं, “कोण हुती ती?”

“जाऊ दे की आता.”

“निदान चुकलं म्हणा. माझ्यापुढं म्हणा.”

त्यानं हात धुऊन किल्ली घेतली आणि बाहेर पडला. आईपुढं कबूल करायला जीभ होती आणि बायकोची माफी मागायला नव्हती, हे तिच्या जिव्हारी लागलं.

दर महिन्याला तो तिला टेम्पोतून औषधाला न्यायचा. तिला खिडकीशी सोडून स्वतः आतल्या बाजूला जायचा. त्याच्या गोळ्यांचं विचारलं तर म्हणायचा, “गाडीत असत्यात.” तिनं पुन्हा विचारलं नाही. टेम्पोतला कप्पाही कधी उघडून बघितला नाही.

रुद्राणी कळती झाली. एकदा तिनं विचारलं, “आई माझ्याशी बोलती, मग तुमच्याशी का न्हाय?”

“माझंच चुकलंय, बाळ,” ईरप्पा म्हणाला. आत चुलीपाशी शिवलीलानं ते ऐकलं. लेकीला सांगतोय, मला नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

गेल्या महिन्यात कागलच्या अलीकडं त्यानं टेम्पो बाजूला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललंच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. मातीला सगळे पावणे जमले. सासू ऊर बडवत होती. शिवलीलाच्या डोळ्याला पाणी आलं नाही.

“रड की गं,” म्हातारी म्हणाली.

“अकरा वर्सं रडलोय, अव्वा. आता काय उरलंय?”

पंधरा दिवसांनी ती एकटीच रिक्षानं दवाखान्यात गेली. गोळ्या न्यायला कुणी आलं नाही तर केंद्रातून घरी फोन येतो, हे तिला ठाऊक होतं. रुद्राणीनं तसला फोन उचलायला नको होता.

“मालक गेलं, मॅडम. त्यांचं नाव काढून टाका.”

इरावती मॅडम हळहळल्या. मग कॉम्प्युटरवर बराच वेळ बघत राहिल्या.

“औषधाला त्यांचं नाव कधी नव्हतंच, शिवलीला.”

“आसं कसं? माझ्यासंगं दर महिन्याला यायचं की.”

“तुझ्यासोबत म्हणून यायचे.” मॅडमनी चष्मा काढला. “आणि सहा महिन्यांनी एकदा तपासून घ्यायचे. पहिल्या दिवसापासून गेल्या महिन्यापर्यंत, दर वेळी निगेटिव्ह.”