दारावरची शेवंती

निर्मल कौर स्टुलावर चढून दाराला शेवंतीची शेवटची माळ बांधत होती. केंद्र चालवणाऱ्या तेरेसाबाई चढ चढून धापा टाकत आल्या, त्यांनी वर पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"अगं बये! हे काय करून ठेवलंस?"

"सजावट, सिन्योरा. आज साहेब येणार ना! बाजारात ढिगांनी होती, सकाळपासून एकेक माळ करून बांधतेय." पंजाबात तिच्या लग्नाचा मांडव याच फुलांनी सजला होता, आणि इटलीतला तिचा हा पहिलाच नोव्हेंबर.

"ढीग असणारच! पितरांचे दिवस आहेत. आमच्यात ही फुलं मेलेल्यांना वाहतात, पोरी. दारावर लावली म्हणजे घरात मयत!"

परक्या मुलखातून आलेल्यांनी गावात मिसळावं म्हणून सरकार या केंद्राला अनुदान देत होतं, आणि गावातलं काळं कुत्रंही तिथे फिरकत नव्हतं. तेरेसाबाईंनी आठवडाभर दारोदार विनवण्या केल्या होत्या: या, नाहीतर केंद्र बंद पडेल. गावातले लोक येतात का, हेच बघायला आज अधिकारी येणार होता. केंद्र गेलं की निर्मलची नोकरी गेली, आणि नोकरीवरच तिचा राहण्याचा परवाना टांगलेला. त्यात हा अपशकुन तिने आपल्याच हातांनी बांधला होता.

ती घाईघाईने गाठ सोडायला लागली. गाठ काही सुटेना.

"कोण गेलं गं?"

खाली कार्मेला उभी होती. समोरची बेकरीवाली. निर्मलने रोज नमस्कार करावा आणि हिने रोज तोंड फिरवावं, असं चाललं होतं. आज तिच्या अंगात काळे कपडे होते आणि हातात फडक्याने बांधलेलं पातेलं. मागे रोक्को न्हावी पावाची टोपली घेऊन, त्याच्यामागे झाकलेली भांडी घेऊन आलेल्या बायका. जिवंत माणसाशी बोलायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मयताच्या घरी चूल पेटत नाही, आणि तिथे जेवण न पोहोचवणं दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या त्या गावात कुणालाच परवडत नाही.

तेरेसाबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. पण मयताच्या नावाने खोटं बोलायला निर्मलची जीभ रेटेना.

"कुणी नाही गेलं," ती मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली. "माझी चूक झाली. आमच्याकडे ही फुलं लग्नाला लावतात."

रोक्को फिसकन हसला. कार्मेला लालबुंद झाली.

"म्हणजे मी सकाळपासून कोंबडी शिजवली ती हिच्या लग्नाची?"

"मग जा घेऊन परत," रोक्को म्हणाला.

"मयताचं अन्न घरी परत नेऊ? माझ्या घरात मढं पडायला हवंय का तुला?"

तिने निर्मलला कोपराने बाजूला सारलं, आत शिरली आणि पातेलं टेबलावर आदळलं. बाकीच्यांचीही तीच पंचाईत. एकेक करून सगळे आत आले आणि अवघडून खुर्च्यांवर टेकले. निर्मल ताटल्या मांडायला लागली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

बाहेर गाडी थांबली. अधिकारी दारात आला, फुलं बघून थबकला, डोक्यावरची टोपी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "क्षमा करा... कोण गेलं?"

तेरेसाबाईंनी डोळे मिटले. निर्मलच्या हातातल्या ताटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या. कितीही घट्ट धरल्या तरी थांबेनात.

कार्मेलाने साहेबाचे शहरी चकचकीत बूट पाहिले. मग त्या वाजणाऱ्या ताटल्यांकडे पाहिलं. त्यांतली वरची ओढून घेतली आणि तिच्यात डावभर रस्सा वाढला.

"अजून कुणी नाही, साहेब," ती म्हणाली. "ते तुम्ही ठरवायचंय. बसा, जेवून घ्या."