तळ्याला वळसा

"त्यांना लोकेशन पाठव," आई म्हणाली. रविवारी मला बघायला पुण्याचे धारप येणार होते. मला एवढ्यात लग्न करायचं नव्हतं, पण आईला ते ऐकायचं नव्हतं.

"बाबांना रस्ता काढून द्यायला सांगते," मी म्हणाले.

बाबा मुंबईचे जुने नकाशे जमवतात. ते चुरगळू नयेत म्हणून आमच्या गाद्यांखाली ठेवलेले असतात. बाबांनी त्यातला एक उपसला आणि त्यावरून सुबक रस्ता काढून दिला: ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून उजवीकडे, मग तळ्याला वळसा. ट्राम बंद होऊन साठ वर्षं झाली. तळं त्याच्याही आधी बुजवलं. मी त्या कागदाचा फोटो धारपांना पाठवला.

रविवारी धारपांचा रस्ता विचारायला फोन आला. तो बाबांनीच घेतला आणि "तळ्यापाशी या," म्हणाले. दोन तासांनी धारप पुण्याला परत गेले. आईने पोह्यांचं पातेलं आमच्यापुढे आदळलं आणि ती आत गेली.

बाबांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

"पुढच्या रविवारी नाशिकचे येणार आहेत ना?" त्यांनी हळूच विचारलं. "त्यांना घोड्यांच्या ट्रामचा नकाशा देऊ. तो आणखी जुना आहे."