आधी प्लग बघा

परीक्षेला निघायची वेळ झाली तरी रबरकाका बनियनवरच फतकल मारून बसले होते आणि शेजाऱ्यांचा प्रिंटर खोलत होते. प्रिंटरला काही घाई नव्हती. तो कधीचा बंद होता आणि शेजारीही त्याला विसरून गेले होते.

"मी जात नाही," ते प्रिंटरला म्हणाले.

बायकोने शिलाई मशीन थांबवलं. नाकावरचा चष्मा काढून गळ्यातल्या दोरीला लोंबता सोडला आणि नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाला उलट बोललं की तो आणखी एक स्क्रू काढतो, हे तिला ठाऊक होतं.

इस्पितळातले सगळे संगणक काकांच्या हातावर जगत होते. यंत्र अडलं की झाकण उघडायचं, मेमरीची पट्टी काढायची, तिचं सोनेरी टोक खिशातल्या खोडरबराने घासायचं, एक फुंकर मारायची आणि पट्टी परत बसवायची. निम्मी यंत्रं तेवढ्यानेच उठून बसत. रबरकाका हे नाव सिस्टर मंडळींनी ठेवलं होतं आणि ते काकांना मनातून आवडत होतं.

आता नवा नियम आला होता. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्याने यंत्राचं झाकण उघडायचं नाही. भांडारात बसून माउस आणि वायरी वाटायच्या. परीक्षा अगदी पहिल्या पायरीची, काल शिकायला लागलेल्या पोरांसाठी असते तीच. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ, असं म्हणत मोठ्या साहेबांनी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला होता. तो हात काकांच्या खांद्यावरून अजून उतरला नव्हता. कारण जावयाने दिलेल्या लॅपटॉपवर दिलेल्या एकूण एक सराव परीक्षेत काका आपटले होते.

"पट्टीच्या पोहणाऱ्याला म्हणे बादलीत उतरून दाखव," ते म्हणाले. "आणि तो बादलीतच बुडाला, तर लोकांनी हसू नये का?"

बायकोने परीक्षेचं पुस्तक उचललं. रोज संध्याकाळी कपड्यांना काजं-बटणं करता करता तीच त्यातले प्रश्न वाचून दाखवायची आणि काका उत्तरं द्यायचे. बिघाड कसा शोधावा हे प्रकरण तर तिला तोंडपाठ झालं होतं.

"बिघाड काय आहे?" तिने विचारलं.

"कसला बिघाड?"

"आधी वापरणाऱ्याला विचारायचं. पुस्तकात आहे."

"माणूस नापास होतो. हा बिघाड."

"नेहमी होतो, की अधूनमधून?"

चेष्टा चालली आहे हे काकांना कळत होतं. पण असा प्रश्न आला की उत्तर शोधल्याशिवाय त्यांना राहवत नसे. पेचकस हातात तसाच धरून ते विचार करू लागले. तिने वाचून विचारलं की होत नाही, ते म्हणाले. लॅपटॉपवर बसलं की होतो.

"मग मध्ये बदलतं काय?"

तिने लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर दोन सॉकेटांची बारकी चित्रं होती आणि टेलिफोनचं कोणतं, असा प्रश्न होता. काकांनी मान मागे घेतली, मग पुढे आणली, मग लॅपटॉपच तिरका धरून पाहिला.

"दोन्ही सारखीच काढलीत गाढवांनी. बोट लावायला मिळालं असतं तर डोळे मिटून सांगितलं असतं."

बोटांवरच तर सगळं चाललं होतं. स्क्रू बोटांनी, वायर बोटांनी, पट्टीची खाच बोटांनी. चष्म्याचा विषय निघाला की, माझे डोळे घारीचे आहेत, असं म्हणून काका उठून जात. तिने गळ्यातला चष्मा काढला आणि दोरीसकट त्यांच्या नाकावर चढवला.

"सगळ्यात सोपी शक्यता आधी," ती म्हणाली. "इस्पितळभर सांगत फिरता ना, आधी प्लग बघा म्हणून?"

काकांनी दोन्ही चित्रांतल्या पिना बोटाने मोजल्या.

"अगं, याला पिना कमी आहेत," ते हळूच म्हणाले. "हे फोनचं."

मग त्यांनी आणखी एक प्रश्न वाचला. आणखी एक. शेवटी लॅपटॉप मिटून ते उठले आणि शर्ट चढवू लागले. पण हार मानतील तर ते रबरकाका कसले. "तरी मी म्हणतो, त्या पुस्तकात मला येत नव्हतं असं एक अक्षर नाही."

"मला येत नव्हतं ना," बायको म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही तिथे दिवसभर नुसत्या फुंकराच मारता."

काकांचा हात बटणावर थांबला. मग ते गडबडीने खिसा चाचपू लागले. खोडरबर जागेवर होता. पडद्यावरच्या परीक्षेला रबर कशाला, असं तिने विचारलं. असू दे, ते म्हणाले, त्यांचं यंत्र अडलं तर.

ती खिडकीशी गेली. समोरच्या थांब्यावर काका चष्मा लावून उभे होते, दोरी दोन्ही कानांवरून लोंबत होती. खांबावर चिकटवलेलं बसचं वेळापत्रक, जे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं, ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. बस येऊन त्यांच्या मागे थांबली. ती हाक मारणार, तोच ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काकांनी न वळता हात वर केला, घाई करणाऱ्या सिस्टरना दाखवतात तसा. शेवटची ओळ वाचली आणि मगच चढले.

ती मशीनवर परतली. सुईतला दोरा निसटला होता. हात सवयीने गळ्याशी गेला आणि रिकामाच परत आला. तिने बोटाने सुईचं नेढं चाचपलं आणि त्यावर एक फुंकर मारली.