जुना मोबाइल

संध्याकाळी तळ्याकाठच्या बागेतून जाताना विशाखाचा यंत्रकान, म्हणजे तिचं ऐकण्याचं यंत्र, हटकून तिच्या मोबाइलपासून तुटायचा. मोबाइल बंद करून चालू केला, जोडणी काढून पुन्हा जोडली. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. शेवटी ती दुकानात गेली.

"ताई, हा कान दानात मिळालेला ना?" दुरुस्ती करणारे मुल्लाभाई म्हणाले. "आधीच्या घरच्या एका मोबाइलची नोंद यात अजून आहे. तो जवळ आला, की कान त्यालाच जोडला जातो. पुसून टाकू?"

विशाखाचा हात कानामागच्या व्रणावर गेला. अपघातात गेलेल्या एका मुलीचा यंत्रकान, एवढंच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

"नको. राहू दे."

त्या दिवशी ती बागेत मुद्दाम रेंगाळली. जोडणी तुटली आणि कानात एक थकलेला आवाज आला, "डबा संपवलास का गं, चिमे?"

समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ मोबाइल तोंडाशी धरून बसले होते. एवढंच विचारून त्यांनी तो खिशात ठेवला.

विशाखा त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"सगळा संपवला, काका," ती म्हणाली.