कानसेनला ऐकू आलेला बिघाड

आवाज अजून येत होता.

कानसेनने बोनेटमधून मान बाहेर काढली, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि म्हणाला, "आहे. अजून आहे."

"आहेच, उस्ताद," वायरमन म्हणाला.

"बारीक आहे, पण आहे," पेंटर म्हणाला.

पत्रे ठोकणारा हातोडा छातीशी धरून इतक्या भक्तिभावाने उभा होता की त्याला वेगळं विचारायची गरज नव्हती. उस्ताद ऐकायला वाकले की ठोकाठोकी थांबवायची, रेडिओ बंद करायचा आणि विचारलं तर हो म्हणायचं, ही त्या गॅरेजची रीत होती. तीस वर्षांत ती कोणी मोडली नव्हती, कारण तीस वर्षांत उस्तादांचा कान चुकला नव्हता. कानसेनचं खरं नाव बायको सोडून कोणाला आठवत नसे, आणि ती नवऱ्याचं नाव घेत नसे.

गाडी दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. एके काळी जोरात पळण्यासाठी घेतलेली आणि आता चौतीस वर्षांची. मालकीण दातांची डॉक्टर. तक्रार साधी होती. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर विचारात पडायची आणि मग एक झटका देऊन निघायची. रस्त्यापलीकडच्या नव्या गॅरेजात कॉम्प्युटर जोडून बिघाड शोधत, पण या गाडीला कॉम्प्युटर जोडायला जागाच नव्हती. त्यांनी तिला कानसेनकडे पाठवलं. एका म्हाताऱ्याला दुसऱ्याकडे गप्पा मारायला पाठवावं तसं.

पहिल्याच दिवशी कानसेनने डोळे मिटून निदान केलं होतं. "ठिणगी गळतेय. टिक टिक येतंय बघा." ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले तर खरंच झिजून खड्डे पडलेले. नवे बसवले. डॉक्टरीणबाई एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "काका, बाणासारखी सुटते."

"झटका गेला असेल," कानसेन म्हणाला. "टिकटिक आहे." आणि त्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

मग प्लग बदलले. प्लगच्या वायरी बदलल्या. रोटर बदलला, कॉइल बदलली. चौतीस वर्षांच्या गाडीत जे उघडावं ते झिजलेलंच निघतं, त्यामुळे प्रत्येक वेळी तो बरोबरच ठरत होता. आणि प्रत्येक वेळी टिकटिक जागच्या जागी होती.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. आवाज डोक्यातून जाईना. "अहो, केव्हाची हाक मारतेय," बायको म्हणायची, तेव्हा तो दचकून वर पाहायचा. अवघड बिघाड घरापर्यंत येतात, हे तिला ठाऊक होतं. तिने भाजी पुढे सरकवली. त्याला मात्र वेगळीच धास्ती होती. पान्हे सगळ्यांकडे असतात. हात तर आता पूर्वीसारखे चपळ नव्हते. त्याच्याजवळ होता तो फक्त कान, आणि कानाने पकडलेला चोर हाताला सापडत नव्हता. ही गाडी अशीच परत गेली, तर उद्यापासून तो कोण?

शुक्रवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या.

"काका, दुखत नसलेला दात मी उपटत नाही. गाडी द्या माझी."

"तुम्हाला ऐकू येत नाही, मॅडम."

"मला नाही येत. यांना येतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिघेही हो म्हणाले. तीन साक्षीदारांपुढे त्या काय बोलणार? उद्या संध्याकाळपर्यंत, एवढं बजावून त्या रिक्षा शोधायला निघून गेल्या.

शनिवारी सकाळी कानसेनने बॅटरी काढून जमिनीवर ठेवली आणि डिस्ट्रिब्यूटरच अख्खा उपसला. सगळ्या प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा तो डबा एवढाच बघायचा उरला होता. आतला दांडा झिजून डुगडुगत असणार. असायलाच हवा. त्याने डबा बाकावर नेला, पुसला, दांडा चिमटीत धरून हलवला. दांडा केसभरही हलला नाही. अख्ख्या गाडीत एवढी एकच वस्तू ठणठणीत निघाली.

टिक, टिक, टिक.

त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं. उठून गाडीपाशी गेला. बोनेट उघडंच होतं. डबा जिथे असायचा तिथे एक काळं भोक होतं आणि बॅटरीच्या जागी रिकामा पत्रा. त्याने इंजिनवर तळहात ठेवला. इंजिन कालपासून थंड होतं.

टिक, टिक, टिक.

पेंटर आणि पत्रे ठोकणारा चहाला गेले होते. कोपऱ्यात वायरमन पाठमोरा बसून कुठल्याशा गाडीच्या दिव्याची वायर सोलत होता.

"ऐक रे," कानसेन म्हणाला. वाटलं होतं त्यापेक्षा त्याचा आवाज मोठा निघाला. "येतोय का?"

वायरमनने काम थांबवलं. हात लांब करून रेडिओ बंद केला. तो चालू होता हे कानसेनला तेव्हा कळलं. मग वायरमनने मागे न वळता मान जराशी तिरकी केली आणि रीतीप्रमाणे, अगदी मन लावून ऐकलं.

"येतोय की, उस्ताद," तो ठासून म्हणाला. "आज तर जास्तच."