जुनी चिप

दुरुस्तीच्या गाळ्यावरच्या छाईने लॅपटॉप पालथा घातला, बारीक बारीक स्क्रू काढून चुंबकाच्या पट्टीवर ओळीने चिकटवले आणि मागचं झाकण उचललं. आत जिकडे तिकडे बॅटरीच, आणि एका कडेला चिंचोळा बोर्ड.

"बस, एवढंच?" म्हातारे क्वांग काउंटरवर वाकले. "यात बसवायला जागा तरी कुठाय?"

"नाहीच आहे. लोकांना पातळ हवा असतो ना, काका. मग सगळं बोर्डावरच डकवून टाकतात. मेमरीची मोठी चिप घालायची तर जुनी तापवून काढावी लागते."

"काढ की मग. पण जुना माल मला परत हवा. या बाजारात मी आज पहिल्यांदा नाही आलेलो."

छाईने हसून मान डोलावली. ह्वाछियांगपेईच्या या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सगळेच असं बजावतात. काढलेला भाग पुडीत घालून हातात दिला, की गिऱ्हाईक निर्धास्त.

लॅपटॉप क्वांगच्या मुलाचा, शूफानचा होता. त्याला पस्तिसावं लागलं आणि कंपनीने घरी बसवलं. त्या वयाच्या माणसाला शेन्झेनमध्ये दुसरीकडे कोण घेतंय? तेव्हापासून दार लावून तो एक गेम बनवत होता. उद्या तो एका मोठ्या कंपनीत दाखवायचा होता, आणि नाही जमलं तर बिऱ्हाड गुंडाळून गावी. कोणी चोरेल या धास्तीने त्याने तो या लॅपटॉपबाहेर कुठेही ठेवला नव्हता, आणि लॅपटॉप तर गच्च भरून रडतखडत चालत होता. इतके दिवस बापाने "आयतं गिळतोस" म्हणून पोराला टोचून खाल्लं होतं. आज तो थकून झोपला, तेव्हा क्वांग लॅपटॉप पिशवीत घालून गुपचूप निघाले. तोंडाने माफी मागणं त्यांना या जन्मात जमलं नसतं.

"बॅकअप आहे ना, काका?" गरम हवेची नळी हातात घेत छाईने विचारलं.

बॅकअप म्हणजे काय, हे क्वांगना ठाऊक नव्हतं. पण मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, पोरगी नातीच्या वयाची, आणि आपण जन्मभर कारखान्यात फोरमन. विचारायची लाज वाटली.

"आहे, आहे. तू तुझं काम कर."

कथील वितळलं. छाईने चिमट्याने जुनी चिप अलगद उचलली आणि पुडीत टाकून त्यांच्या हाती दिली. क्वांगनी ती शर्टाच्या खिशात घातली आणि पोराला फोन लावला. "बाजारात ये. गंमत दाखवतो."

शूफान घरातल्या चपलांवरच धावत आला. तोवर नवी चिप लागून झाकण बसलं होतं, सिस्टिम नव्याने चढली होती. स्वच्छ पांढऱ्या पडद्यावर एकामागून एक भाषेत नमस्कार उमटत होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"मोठी जागा टाकून घेतली. उद्या चारचौघांत अडायला नको."

शूफानने छाईकडे पाहिलं. "आतलं सगळं?"

तिचा चेहरा पडला. "काका म्हणाले, बॅकअप आहे."

"जुनी चिप परत बसव."

"बसवून काय उपयोग, दादा? जुन्या चिपचं कुलूप उघडायची किल्ली लॅपटॉपात असते, नवीन सिस्टिम टाकली की ती पुसली जाते. आता ती चिप कोणाच्याच हातून उघडायची नाही."

"अरे, पण काही गेलेलंच नाही," क्वांगनी लगबगीने खिशातली पुडी काढून पुढे धरली. "हे बघ, मी मागून घेतली. मी असा फसणार आहे होय?"

छाई मान खाली घालून रिकामा चुंबक पुसत राहिली. शूफानने पुडीला हात लावला नाही. एरवी बापाच्या शब्दाला शब्द लावणाऱ्या पोराने नुसतं स्टूल ओढून घेतलं, तेव्हा कुठे क्वांगना कळलं, की सगळं गेलं. पुडी धरलेला हात मागे घ्यायचंही त्यांना सुधरेना.

शूफान स्टुलावर बसला. त्याने भाषा निवडली. पडदा झटकन पुढे सरकला.

"खूप फास्ट झालाय, बाबा," तो म्हणाला.